विदर्भातून कोकण किनारा, कॅरॅव्हॅनने: निवृत्त मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुसद, दारव्हा, मोर्शी, आर्वी, मेहकर अशा गावांतून निवृत्त मंडळी दोन-तीन कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, करून कोकणात जायचे म्हणतात, तेव्हा जे प्रश्न येतात त्यांची ही उत्तरे आहेत. चार ते आठ जण, वय साठच्या पुढे, प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे रेडी-शिरोड्यापासून अलिबागपर्यंत, असे धरले आहे. या वाटेवर मोठी शहरे कमी आणि खाड्या जास्त आहेत.

कोणत्या महिन्यात निघावे?

तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की, म्हणजे संक्रांतीनंतर. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी अखेर हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, समुद्र शांत, रात्री पांघरूण लागेल इतपत गारवा. नोव्हेंबरही चांगला असतो, पण त्याच महिन्यात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येते, तरी ते निघण्याआधीच करून घ्या. खाडीकाठी रेंज शोधत बसू नका.

नाताळ ते १ जानेवारी आणि मे महिना टाळा. ‘आपल्याकडे ४४ अंश, तिकडे ३४, मग मेमध्येच जाऊ’ हा हिशोब चुकतो. का, ते कूलरच्या प्रश्नात सांगितले आहे. जून ते ऑगस्ट तर विचारच नको. समुद्र खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते.

फेब्रुवारीत मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. महाशिवरात्रीला देवगडजवळ कुणकेश्वरची यात्रा असते. दर्शनाला जायचे नसेल तर त्या दोन-तीन दिवसांत मोठी गाडी घेऊन त्या बाजूला जाऊ नका, वळवायलाही जागा मिळत नाही.

किती दिवस लागतात? रोज किती चालावे?

कमीत कमी १७-१८ दिवस. जायला तीन, यायला दोन-तीन, किनाऱ्यावर बारा. किनाऱ्याला लागल्यावर दिवसाला ४० ते ६० किलोमीटर पुरेत. नकाशावर ५० किलोमीटर दिसले की आपण तास धरतो. सागरी मार्गावर उतार, वळणे, अरुंद बाजारपेठा आणि जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) यांतून तेच अंतर अडीच तास घेते. एका मुक्कामी सलग दोन रात्री राहिलात तर कपडे वाळतात, गुडघे शांत होतात आणि गटात चिडचिड होत नाही. रोज मुक्काम हलवणारे गट साधारण सहाव्या दिवशी थकतात.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दुपारी चारला मुक्कामाची जागा गाठलेली असावी.

गाडी भाड्याने घ्यावी की आपलीच तयार करावी?

पहिल्या सहलीला भाड्याने, चालकासह. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर अशा गाड्या मिळणे सोपे झाले आहे. बुकिंग करताना चार गोष्टी लेखी घ्या: दिवसाची किलोमीटर मर्यादा, चालकाच्या झोपण्याची सोय, बिघाड झाल्यास दुसरी गाडी किती वेळात येईल, आणि पट्टे असलेल्या सीट किती. ‘आठ जण झोपतील’ आणि ‘आठ जण पट्टा लावून बसतील’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालत्या गाडीत बर्थवर कोणीही झोपायचे नाही. ब्रेक लागला की झोपलेला माणूस सरळ पुढे फेकला जातो, आणि साठीनंतर खुब्याचे हाड मोडले तर महिनोन्महिने जातात.

घरच्या ट्रॅव्हलर मिनीबसला गावातल्या फॅब्रिकेटरकडून बेड, टाकी, ओटा बसवून घ्यायचा असेल तर आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही, आणि आरसीवर नोंद नसलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवते. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, काम देताना त्याचे नाव घेऊनच बोला. वजन सगळे एका बाजूला जाऊ देऊ नका. १२० लिटरची टाकी भरली की १२० किलो झाले. ती मागच्या चाकांच्या पुढे, खाली आणि मधोमध हवी.

माझे लायसन चालेल का?

हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी येते, म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधलेली बहुतेक कॅरॅव्हॅन बसते. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते आणि फॉर्म १-ए चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत सहलीच्या मध्येच संपत नाही ना, हे आजच पाहा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ते आधी करून घ्या आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळे केल्यावरच निघा. प्रत्येक गाडीत चालवणारे दोघे हवेत.

कोणत्या रस्त्याने जावे?

यवतमाळ, वर्धा, नागपूरकडच्यांना राष्ट्रीय महामार्ग ३६१ सोयीचा: यवतमाळ, आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर. पुढे सोलापूर, कोल्हापूर आणि घाट उतरून खाली. यवतमाळ ते रत्नागिरी सुमारे ८०० किलोमीटर पडते. पहिला मुक्काम लातूर किंवा तुळजापूर, दुसरा कोल्हापूर, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने घाट.

परतीला अलिबागहून भिवंडीच्या बाजूने समृद्धी महामार्ग धरा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्यावर धोका आहे तो कंटाळ्याचा आणि टायरचा. सरळ सिमेंट रस्त्यावर डुलकी लागते, म्हणून दर दीड तासाने थांबा. कॅरॅव्हॅनला ८० च्या वर नेण्याचे कारण नाही. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात आणि आतून वाळलेले असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी बदला.

घाट उतरताना काय चुकते?

सपाटीवरच्या चालकाची सवय आडवी येते. बुलडाण्याचा राजूर घाट किंवा चिखलदऱ्याचा रस्ता चालवलेल्यांना अंदाज असतो, बाकीच्यांना नाही. भरलेली गाडी उतारावर ब्रेकनेच धरत गेलात तर ब्रेक लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल सरळ खाली जाते. नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, जोराने, आणि सोडून द्यायचा. न्यूट्रल कधीही नाही. जळका वास आला तर कडेला घेऊन अर्धा तास थांबा, पण चाकांवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाट मोठ्या गाडीला त्यातल्या त्यात बरा. सिंधुदुर्गात थेट उतरायचे तर राधानगरीवरून फोंडा घाट. गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा हे घाट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, म्हणून कोल्हापुरातच चौकशी करा. वरंध किंवा आंबेनळीच्या वाटेला कॅरॅव्हॅन घेऊन जाऊ नये.

भरती-ओहोटीचे गणित आम्हाला कसे कळणार?

ही गोष्ट शिकल्याशिवाय किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. आपल्याकडे पाऊस आणि ऊन पाहून दिवस ठरतो, तिकडे भरती पाहून. जेट्टी, किल्ल्याची होडी, पुळणीवरचे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरचे फिरणे, मासे, सगळे तिच्यावर.

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोज भरती अंदाजे ५० मिनिटे उशिरा येते. वेळापत्रक नसतानाची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा आहे. दक्षिणेला, मालवण-वेंगुर्ल्याकडे, भरती त्याच्या आधी येते. म्हणून हा फक्त अंदाज समजा आणि त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, किंवा सकाळी होडीवाल्यालाच विचारा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी खूप वर येते आणि खूप आत जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. चालता-उतरताना ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी होड्या आणि जेट्ट्यांचे दिवस भांगाला धरून ठरवा. दिनदर्शिका घरात असतेच.

गाडी वाळूवर न्यायला काय हरकत आहे? लोक नेतात की.

लोक नेतात आणि भरतीत घालवतातही. बऱ्याच पुळणींवर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि तीन-चार टनांची कॅरॅव्हॅन वाळूवर न्यायचीच नसते. वावरातला अनुभव इथे फसवतो. काळ्या मातीत ओल वाढली की बंडी रुतते, म्हणून आपण कोरडी जागा शोधतो. वाळूत उलटे आहे: कोरडी वाळू सुटी असते, चाक तिच्यात फिरत खाली जाते. ओली वाळू पक्क्या रस्त्यासारखी दिसते, पण लाट पोचली की उभ्या चाकाखालची वाळू पाणी काढून नेते आणि गाडी एका बाजूला बसते.

चुकून रुतलीच तर ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडा. चाक फिरवत राहिलात तर गाडी चेसिसवर टेकते आणि मग क्रेनशिवाय निघत नाही. सगळे उतरा. भरती चढती आहे की उतरती, ते आधी पाहा. चाकांच्या मागची वाळू हातांनी उतरती करा. टायरची हवा नेहमीच्या निम्म्यावर आणा. चाकाखाली काथ्याच्या चटया किंवा नारळाच्या झावळ्या घाला. आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये, हळू, न थांबता काढा. ओढायची असेल तर कंपनीच्या हुकालाच पट्टा बांधा आणि पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका. बाहेर पडल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरीवर वेग धरू नका, त्यासाठी १२ व्होल्टचा हवापंप सोबत हवा.

खाड्या कशा ओलांडायच्या?

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने. तिथले लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. उत्तरेकडे जाताना चार लागतात: जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला, दिघी ते आगरदांडा. रस्त्याने वळसा घातला तर प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस जातो.

कॅरॅव्हॅनला अडचण येते ती उताराची. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत कोन पडतो आणि गाडीचा लांब मागचा भाग खाली घासतो. टोकाची ओहोटी सोडून या. मागे लटकवलेली सायकल किंवा खालचा पाण्याचा पाईप आधी काढा. चालक सोडून सगळ्यांनी उतरून चालत बोटीत जावे. खलाशी सांगेल तसे आणि तेवढेच पुढे घ्या, तो वजन तोलत असतो. आत गेल्यावर इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक, गॅसचा नॉब बंद. शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका.

रात्री गाडी कुठे लावायची?

पहिली पसंती राहत्या घराच्या आवाराला किंवा देवस्थानच्या भक्तनिवासाच्या मैदानाला. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथे एमटीडीसीची निवासे आहेत, फोन करून गाडी लावण्याचे विचारता येते. वाडीत शिरण्याआधी गाडी बाहेर थांबवा, दोघांनी चालत जाऊन घरच्या काकांना किंवा काकूंना विचारा. किती जण, किती रात्री, पाणी-वीज लागेल का, संडास वापरू का, हे सगळे सुरुवातीलाच सांगा आणि पैसेही तेव्हाच ठरवा. रात्री आठनंतर अनोळखी अंगणात दिवे मारत जाणे बरे नव्हे.

नारळाखाली गाडी लावू नका. नारळ टपावरचे सोलर पॅनल फोडतो, आणि वाळलेली झावळीही काही हलकी नसते. आंब्याच्या बागेत डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोरावर फवारण्या चालतात, मालकाला विचारल्याशिवाय तिथे मुक्काम नको. आपल्याकडे कपाशीवर फवारणीने काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. गावच्या रस्त्यावर उंचीचे भान ठेवा: टपावर एसी असलेली गाडी जवळजवळ दहा फूट होते, फणसाची फांदी आणि विजेची सर्व्हिस वायर त्याच उंचीवर लोंबते.

वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्याकडे तोंड करून हेडलाईट किंवा बाहेरचा दिवा लावला तर ती समुद्राऐवजी गाडीकडे येऊन मरतात. तिथे पडदे लावा आणि बाहेरचे दिवे बंदच ठेवा.

कूलर न्यावा का?

नाही. आपला कूलर कोरड्या हवेवर चालतो. ४२ अंश आणि जवळजवळ कोरडी हवा असेल तर गवताच्या ताटीतून येणारी हवा १५ अंशांपर्यंत थंड होते. कोकणात ३३ अंश आणि दमट हवा असेल तर जेमतेम ३-४ अंशांचा फरक पडतो आणि वर अंथरूण ओलसर होते. अंगाच्या घामाचेही तेच, तो वाळत नाही म्हणून थंडावा देत नाही. विदर्भातला माणूस ऊन सोसतो, पण दमट उकाड्यात लवकर ढेपाळतो. मे टाळा म्हटले ते यासाठीच. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना मच्छरजाळी आणि पंखा, जानेवारीत एवढे पुरते.

वीज किती लागते?

चार जणांच्या गाडीचा दिवसाचा हिशोब असा: ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज ५०० वॅट-तास, दोन डीसी पंखे आठ तास ४००, दिवे १००, मोबाईल आणि पाण्याचा पंप ८०. कोणाला झोपेत सीपॅप (श्वासाचे यंत्र) लागत असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवून ३०० च्या आसपास. बेरीज १,४०० कडे जाते. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात, म्हणून अशा दोन हव्यात. टपावर ३०० वॅटचे पॅनल जानेवारीच्या उन्हात हजार-अकराशे देते, उरलेले गाडी चालताना डीसी-डीसी चार्जरने भरते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत ठेवू नका. वळणावर ॲसिड सांडते, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते.

लोक हमखास विसरतात ते सावलीचे. माडाच्या सावलीत पॅनल जवळजवळ काहीच देत नाही, आणि उन्हात गाडी लावली तर आत बसवत नाही. यावर उपाय म्हणजे १०० वॅटचे घडीचे पॅनल ८-१० मीटर जाड वायरवर वेगळे उन्हात ठेवणे. कोणाच्या घरून वीज घेतलीत तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापून वितळते. मध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) असावा. इंडक्शन आणि गिझर बॅटरीवर चालवायचे नाहीत.

पाणी?

आंघोळ बाहेर केली तर माणशी १५ लिटर, गाडीत केली तर ४०. पिण्याचे पाणी वेगळ्या जारमध्ये. किनाऱ्यालगतच्या विहिरी फेब्रुवारीपासून मचूळ होतात. अकोला-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्यांना हे समजवायला नको: टाकी भरण्याआधी एक घोट चाखून पाहा, आणि भरायची ती वरच्या वाडीत.

गाडीतला संडास कितपत चालतो?

रात्रीपुरता, आणि त्यासाठी तो हवाच. अंधारात वाडीच्या टोकाला जायला लावणे वयस्कर बायकांना जाचक असते आणि धोक्याचेही. २० लिटरची कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, दोघांना दोन-तीन दिवस पुरते, चौघांना एक-दीड. दिवसा मुक्कामाच्या घरचा संडास वापरला तर तीच तीन दिवस जाते.

रिकामी करायची ती फक्त संडासात, मालकाला विचारून, थोडी थोडी, भरपूर पाण्यासोबत. खाडीत, ओढ्यात किंवा खड्ड्यात नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो, वर ओतलेले शेजारच्या विहिरीत उतरते. फॉर्मॅल्डिहाइड असलेले निळे रसायनही नको, ते सेप्टिक टाकीतले जिवाणू मारते आणि त्या घरची टाकी पुढे तुंबते. कॅसेटचा रबरी सील दर आठवड्याला सिलिकॉन ग्रीसने पुसा, नाहीतर वास तिथूनच सुरू होतो.

गॅसची सोय?

५ किलोचे छोटे सिलिंडर, चौघांच्या स्वयंपाकाला सुमारे १०-१२ दिवस. घरचे १४.२ किलोचे गाडीत न्यायचे नाही. सिलिंडर उभे, पट्ट्याने आवळलेले, बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या कप्प्यात असावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून कप्प्याच्या तळाला जाळी आणि गळती सांगणारे यंत्र बर्थच्या खालच्या पातळीला हवे, वर छताला नव्हे. झोपताना नॉब बंद आहे हे दोघांनी पाहायचे.

खायचे काय? आमच्यात निम्मे शाकाहारी आहेत.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, सोलकढी हे सगळे घरगुती खाणावळीत मिळते, फक्त दोन-तीन तास आधी सांगावे लागते. ज्वारीचे पीठ मात्र घरून न्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेत पीठ, पापड, शेव आठवड्यात मऊ पडतात. कोथिंबीर मागताना ‘सांभार’ म्हणू नका, तिकडे त्याचा अर्थ वेगळा होतो.

मासे खाणाऱ्यांनी हर्णैचा संध्याकाळचा लिलाव पाहावा. मासळी गाडीच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, वेगळ्या बर्फाच्या पेटीत, आणि त्याच दिवशी संपवायची. आयुष्यात पहिल्यांदाच कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) खाणाऱ्याने दोन घास खाऊन थांबावे. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

बीपी, शुगर, हृदयरोग असलेल्यांनी काय काळजी घ्यावी?

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त, दोन वेगळ्या पिशव्यांत, दोन वेगळ्या गाड्यांत. प्रत्येकाचा कागद: आजार, औषधे, ॲलर्जी, घरचा नंबर. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी छातीत दुखले तर कोणती गोळी आधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणावे आणि गटात सगळ्यांना दाखवावे. लघवीची गोळी चालू असलेल्यांनी पाणी आणि मिठाचे प्रमाण निघण्याआधी विचारून घ्यावे, घाम वेगळाच येतो.

इन्सुलिनसाठी आपल्याकडे ओल्या वाळूत माठ ठेवण्याची रीत आहे. ती कोरड्या हवेत चालते, कोकणात नाही. फ्रिजमध्येच ठेवा, पण थंड पत्र्याला चिकटू देऊ नका, गोठलेले इन्सुलिन वाया गेले समजा. शुगरमुळे तळपायांची जाणीव कमी झालेल्यांनी पुळणीवर अनवाणी चालायचे नाही. तापलेल्या वाळूने फोड येतात आणि संध्याकाळपर्यंत कळत नाही.

सकाळी चपला झटकून घाला. कोकणातल्या लाल विंचवाचा डंख हृदयावर जातो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला. खूप घाम, उलटी, हातपाय गार ही लक्षणे दिसली की मंत्र-उतारा न करता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेला १०८. मुक्कामी पोचल्यावर जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर आणि रस्ता कोणता, हे एकाने रोज वहीत लिहायचे.

समुद्रात उतरावे का? किल्ल्यांवर जाता येते का?

गुडघ्यापर्यंत, स्थानिकांना विचारून, ओहोटी चालू असताना नाही. तळ्या-धरणात पोहणाऱ्याला समुद्राची ओढ कळत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला शांत पण पोहायला घातक आहे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका.

सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. विजयदुर्गाला गाडीने जाता येते, गुडघेदुखीवाल्यांना तोच सोपा. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याला होडी लागते. जंजिऱ्याच्या दरवाज्याशी होडी हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो, ज्यांचा तोल जातो त्यांनी किल्ला समोरच्या राजपुरी गावातूनच पाहावा. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि बक्कल लावा.

सोबती आणि पैशाचा हिशोब?

आधी दोन रात्री चिखलदऱ्याला जाऊन या. घाट, बॅटरी, संडास, घोरणे, सगळ्यांची परीक्षा होते. तिथे जे खटकले ते किनाऱ्यावर दुप्पट खटकेल. पैसे निघताना प्रत्येकाने सारखे जमा करायचे, एकाने वही ठेवायची, रोज रात्री वाचून दाखवायची. मासे, खरेदी, होडी ज्याचे त्याने. डिझेलचा अंदाज: एकूण फेरा सुमारे २,५०० किलोमीटर, भरलेली गाडी लिटरला ९ देते असे धरले तर २८० लिटर. टाकी तालुक्याच्या गावी भरा, किनाऱ्यावर पंप विरळ आहेत. एकट्या आलेल्या बाईला कोणाच्या जोडप्यात ‘सामावून’ घेऊ नका, तिची वेगळी बर्थ आणि पडदा आधीच ठरवा.

घर आणि वावर मागे कोण पाहणार?

हरभऱ्याला रानडुकरांची जागली याच दिवसांत लागते, ती कोण करणार ते ठरल्याशिवाय निघू नका. बंद घराची माहिती पोलीस पाटलाला आणि एका शेजाऱ्याला द्या. पाण्याच्या मोटारीचा फ्यूज काढा. फोटो परत आल्यावरच ग्रुपवर टाका.

परतल्यावर गाडीचे काय करायचे?

दोन दिवसांत, ट्रॅक्टरच्या वॉशिंगवर नेऊन, खालून गोड्या पाण्याने धुवा: कमानपाटे, ब्रेक पाईप, सायलेन्सर, चाकांच्या आतली बाजू. वरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते आणि खालून गंजत राहते. बॅटरीचे टर्मिनल पुसून पेट्रोलियम जेली लावा. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवा, गाद्या दोन दिवस उन्हात टाका. लिथियम बॅटरी निम्म्यावर चार्ज ठेवून तिची जोडणी सोडवून ठेवा. गाडी मार्चच्या उन्हात उघड्यावर उभी करायची असेल तर टायर झाका आणि महिन्यातून एकदा चार-पाच किलोमीटर फिरवून आणा.